धुक्याला पायऱ्या

ट्रोन्दुरमामानं ओला स्वेटर खुर्चीच्या पाठीला टांगला,
साखरेचा खडा दातांत धरून कॉफीचा घोट घेतला,
आणि माझ्या अकरा महिन्यांच्या कामाकडे पाहत म्हणाला,
"या धुक्याला पायऱ्या कुणी पाडल्या?"

पंचवीस वर्षं नोल्सोयच्या बोटीचं सुकाणू धरलेला माणूस.
त्याला धुकं दिसत नाही,
धुक्यात काय आहे ते दिसतं.
तो बोलला आणि मलाही दिसल्या.
आभाळापासून पाण्यापर्यंत राखाडी पट्ट्या, एकीखाली एक,
कुणी शिडी लावून समुद्रात उतरावं तशा.

तो गेला. मी रात्रभर पायऱ्या मोजत बसले.

कॅमेऱ्याचा दोष नव्हता. त्यानं सगळं आणलं होतं.
फाइलीत होतं सगळं, सायीसारखं, एकसंध.
कॉम्प्युटरला जमत होतं,
स्क्रीनच्या खोक्यावर तर अब्जाचा आकडा छापलेला.
मधे फक्त दीड मीटर वायर.
आणि तिच्यातून जाताना
एक हजार चोवीस राखाड्यांतल्या
दोनशे छप्पनच पलीकडे पोचत होत्या.
बाकीच्या कुठे गेल्या?
कुठेच नाही. चौघींना मिळून एक नाव, एक पाट,
एकीनं बोलायचं, तिघींनी गप्प बसायचं.

मी केबल बदलली.
खणातली सगळी भेंडोळी जमिनीवर ओतली,
त्यात एक मेलेल्या प्रिंटरची, एक कशाचीच नाही.
कोपनहेगनहून अडॅप्टर मागवला,
तो नऊ दिवसांनी आला, वादळामुळे. त्यानंही आठच बिट दिले.
सेटिंगमध्ये 'दहा' दिसायचा, पण पुसट,
बोट लावलं तरी ढिम्म,
रुसून बसलेल्या जावयासारखा.

शेवटी क्लाक्सविकला एय्वुनला फोन केला.
तो रेडिओ दुरुस्त करतो, मेंढ्याही कातरतो,
फोनवर मागे मेंढ्याच ओरडत होत्या.
"सेकंदाला किती वेळा चित्र मागतेस?"
साठ वेळा.
"गल्ली अरुंद आहे बाई.
धावायचंही आणि ओझंही जास्त, दोन्ही कसं जमेल?
तीसवर ये."

इतकंच?
इतकंच.

तीस केलं.
स्क्रीन काळी झाली. त्यात माझं तोंड, केस विस्कटलेले.
मग चित्र आलं.
माउसचा बाण गमबूट घालून चालल्यासारखा अडखळत होता,
पण धुकं...
राखाडी राखाडीत उतरत होती
आणि कुठे संपली हे विचारायला जागाच नव्हती.
आमच्या बेटांवर धुक्याला पुष्कळ नावं आहेत,
डोंगराच्या कमरेला बसणारं वेगळं, पाण्यावरून सरपटत येणारं वेगळं.
मी अकरा महिने सगळ्यांना एकाच नावानं हाक मारत होते.

रविवारी मामा पुन्हा आला.
या वेळी काही बोलला नाही.
खडा दातांतच विरघळला, कॉफी तशीच.
मग उठला, नाक स्क्रीनला टेकेल इतका जवळ गेला.
"थांबव."

एकशे एकेचाळीस आणि बेचाळीसच्या मधे,
जिथे परवापर्यंत काहीच नव्हतं,
एक होडी होती.
नखानं ओरखडावं एवढीच रेघ,
पण नाक जरा वर उचललेलं, आणि इंजिनावर ते वाकडं झाकण.
अख्ख्या बंदरात तसं झाकण एकट्या हानुसचं.

"हा गुरुवार ना?"
गुरुवार.
"गुरुवारी हानुस तापानं अंथरुणात होता.
मार्युननं स्वतः सांगितलं. मी सूप घेऊन गेलो होतो,
ती म्हणाली, झोपलाय, उठवू नका."

बराच वेळ मामा त्या होडीकडे पाहत राहिला.
ती नोल्सोयकडे तोंड करून होती, जाळं नव्हतंच तिच्यात.
मग त्यानं स्वेटर चढवला, अजून ओलाच,
दारात थांबला, मागे न बघता म्हणाला,
"ते आधीचं, पायऱ्यांचं,
पुसलं नाहीस ना?"